बायकोचं मराठी व्याकरण पुढं सरकेना, पोरगी मात्र सुसाट. हे वयामुळं होतं का?

फुटाळ्याकाठचा

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी पक्का नागपूरचा, पण नोकरीची पंधरा वर्षं कोचीत गेली आणि बायको तिकडचीच, मल्याळी. घरात आम्ही मल्याळम आणि इंग्रजीच बोलायचो. पोरांशी मी मराठी बोललो नाही ही सरळसरळ माझी चूक, त्यावरून कोणाला शिव्या घालायच्या असतील तर घाला, आई रोज घालतेच. २०२३ च्या जूनमध्ये बाबांच्या आजारपणामुळं कायमचे इकडं आलो. तेव्हा पोरगी सहा वर्षांची, पोरगा तेरा, बायको अडतीस. मराठीच्या बाबतीत तिघांचीही पाटी कोरी. बायकोला शाळेत शिकलेलं हिंदी तेवढं येत होतं.

पहिले सहा महिने पोरगा सगळ्यांच्या पुढं. वहीत मी जातो तू जातोस तो जातो असं लिहून पाठ करायचा आणि खाली कॉलनीतल्या पोरांवर लगेच वापरून बघायचा. बायको दुसऱ्या नंबरवर. पोरगी शाळेतून यायची अन् गप्प. विचारलं तर मान हलवायची नाहीतर मल्याळममध्ये उत्तर. आम्ही तर घाबरलो होतो, शाळेतून डायरीत चिठ्ठी पण आली होती.

आता अडीच वर्षांनी चित्र पूर्ण उलटं आहे. पोरगी आजीशी मराठीतच भांडते. परवा म्हणते "आजी, माझ्या पेन्सिलीला हात नको लावूस", आता पेन्सिलचं पेन्सिलीला होतं हे तिला कोणी शिकवलं? मी तरी नाही. पोरगा फाडफाड बोलतो पण मधेच "पाऊसात", "माझी पुस्तक" असं निघतंच. आणि बायको, जी तिघांत जास्त मेहनत घेते, रोज मराठी पेपर वाचते, आईबरोबर मालिका बघते, शब्द तर माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील, ती अजून "चहा झाली", "मी पोळी खाल्ले", "मुलगाला सांगा". ती आता म्हणायला लागलीय की माझं मशीन जुनं झालं, सोडून द्या.

तर प्रश्न असा की हे खरंच वयाचं आहे का? तिला क्लास वगैरे लावण्यात काही अर्थ आहे, का उगाच त्रास?

तर्री_जास्त

शाळेच्या डायरीतली चिठ्ठी काय होती ते सांगा पहिले. आमच्या पोराच्या डायरीत "जास्त बोलतो" अशी आली होती.

बुटीबोरी_फास्ट

भाऊ मेंदूबिंदू काही नाही यात. आमच्या इकडं कंपनीत बिहार-ओडिशाचे पोट्टे येतात, वीस-बावीस वर्षांचे, सहा महिन्यात मराठीत शिव्या देतात. गरज पडली का येते भाषा. वहिनीले गरजच नाही पडून राहिली. नागपुरात कोणाले मराठीची गरज पडते सांगा नं? भाजीवाला हिंदीत, ऑटोवाला हिंदीत, बर्डीवर दोन मराठी माणसं भेटले तं पहिले पाच मिनिटं हिंदीत बोलतात, मंग कोणीतरी चुकून "अबे काऊन" म्हणते तेव्हा समजते का हा तं आपलाच आहे.

अर्धवट_पीएचडी

बुटीबोरी भाऊंचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, त्याच्याकडं येते. (भाषाशास्त्रात पीएचडी करत होते, सोडली, त्यामुळं आयडी. आता बँकेत आहे.)

आधी एक गोष्ट वेगळी करू. शिव्या येणं, कामापुरतं बोलता येणं, शब्द येणं हे एक, आणि लिंग-वचन-विभक्तीचं व्याकरण विचार न करता तोंडातून बरोबर पडणं हे दुसरं. शब्द तर माणूस साठाव्या वर्षीही शिकतो. वयाचा फटका बसतो तो मुख्यतः उच्चारांना आणि या बारीक व्याकरणाला.

वयाचा मुद्दा गाजला तो एरिक लेनेबर्गच्या १९६७ च्या पुस्तकापासून. त्याचं म्हणणं साधारण असं की दोन वर्षांपासून वयात येईपर्यंतचा काळ भाषेसाठी खास असतो, नंतर ती आपोआप येत नाही, कष्टानं शिकावी लागते. पण तो बराचसा पहिल्या भाषेबद्दल आणि मेंदूला इजा झालेल्या पेशंटांबद्दल बोलत होता. दुसऱ्या भाषेच्या व्याकरणाबद्दलचा प्रसिद्ध अभ्यास १९८९ चा, जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांचा. अमेरिकेत जाऊन राहिलेले ४६ चिनी आणि कोरियन लोक घेतले, कोणी तिसऱ्या वर्षी गेलेलं, कोणी एकोणचाळिसाव्या. त्यांना २७६ इंग्रजी वाक्यं ऐकवली आणि प्रत्येकाला विचारलं, हे बरोबर वाटतं का चूक. सात वर्षांच्या आत गेलेले इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या बरोबरीनं होते. तिथून वयात येईपर्यंत मार्क हळूहळू घसरत गेले. आणि मोठेपणी गेलेल्यांमध्ये? तिथं वयाचा संबंधच लागत नव्हता, कोणी छान, कोणी वाईट, कसंही.

मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे सगळं व्याकरण सारखं अवघड नव्हतं. शब्दांचा क्रम आणि चालू वर्तमानकाळ उशिरा गेलेल्यांनाही जमला. मार खाल्ला तो "अ" आणि "द" लावण्यात आणि अनेकवचनात. म्हणजे आपण सगळे जिथं खातो तिथंच.

तर्री_जास्त

"द" चं दुःख विचारू नका. साहेब दर मेलमध्ये दोन काढतो आणि तीन घालतो.

फुटाळ्याकाठचा

पण ताई मग माझा पोरगा सुरुवातीला पुढं कसा होता? लहान वय एवढं भारी असेल तर पोरगी पहिल्या दिवसापासून पुढं पाहिजे होती ना?

अर्धवट_पीएचडी

तुमच्या घरात जे झालं ते नेदरलँड्समध्ये मोजून झालेलं आहे! कॅथरीन स्नो आणि मारियान हूफ्नागेल-ह्योल यांचा १९७८ चा अभ्यास. तिथं नव्यानं राहायला आलेली इंग्रजी बोलणारी कुटुंबं, तीन वर्षांच्या पोरांपासून मोठ्यांपर्यंत, डच कसं शिकतात ते वर्षभर अधूनमधून तपासलं. पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात पुढं बारा ते पंधराची पोरं. सगळ्यात मागं तीन ते पाचवाली, आणि वर्षाच्या शेवटीही तीच मागं. लहान मुलं भाषा पटकन उचलतात असं जे आपण सगळीकडं ऐकतो ना, ते "पटकन" चूक आहे. लहान मुलं हळू शिकतात पण थांबत नाहीत, मोठी माणसं धडाक्यात सुरू करतात आणि कुठंतरी अडकतात. पोरगी गप्प होती ते ऐकत होती म्हणून.

मिहानवाली

मी यात पडणार नव्हते पण "अडकतात" वाचून राहवलं नाही. एकतिसाव्या वर्षी कंपनीच्या कामासाठी जर्मन शिकले, बी-वन पर्यंत. जर्मनमध्ये पण तीन लिंगं, आपल्यासारखीच, आणि आपल्यासारखीच अक्कल नसलेली. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसक, एका ताटाभोवती तिन्ही. मला वाटलं होतं मराठीवाल्यांना सोपं जाईल. कशाचं काय, लिंग ही कल्पना सोपी गेली पण कोणत्या शब्दाला कोणतं ते शेवटी पाठच करावं लागलं, निळ्या-लाल-हिरव्या पेनांनी चिकट चिठ्ठ्या लिहून अख्ख्या फ्लॅटला लावल्या होत्या, घरमालकीण म्हणाली आजारी आहेस का.

पण मला एक विचारायचंय. आपण सहा वर्षांच्या पोरीची आणि अडतीसच्या बाईची तुलना करतोय ती तरी न्याय्य आहे का? पोरगी रोज सहा तास शाळेत बसते, तिथं तिला दुसरं काही काम नाही. वहिनी घर बघतात, सासऱ्यांचं औषधपाणी बघतात, दोन पोरांचे डबे. त्यांना पण शाळेत बसवा ना सहा तास, मधल्या सुट्टीसकट.

बुटीबोरी_फास्ट

हे बोलल्या ताई एक नंबर. आणि अजून एक गोष्ट, लहान पोट्टं चुकलं तं सारे हसतात, चिडवतात, बरोबर काय ते सांगतात. वहिनी चुकल्या तं कोण सांगते? सासू म्हणते जाऊ दे बिचारी शिकून राहिली. शेजारीण लगेच हिंदीवर येते. चूक झाली हे समजलंच नाही तं सुधारन कशी?

निवृत्त_मास्तर

चर्चा वाचून आनंद झाला. मी बत्तीस वर्षे जरीपटका भागातल्या हिंदी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवले. सिंधी, हिंदी, थोडी पंजाबी घरची मुले. त्यामुळे या चुकांशी माझे नाते जुने आहे.

त्या मुलांची पहिली चूक ठरलेली: "मीने खाल्ला". हिंदीत "मैंने" आहे, म्हणून मराठीतही "ने" हवाच अशी त्यांची पक्की खात्री. त्याने खाल्ला, तिने खाल्ला, मग मीने का नाही? तर्क बिनचूक, वाक्य चूक. दुसरी चूक सामान्यरूपाची: "घोडाला", "मासाला". घोड्याला, माशाला, सशाला, घशाला हे म्हणून घेता घेता माझाच घसा बसत असे. तिसरी म्हणजे "आम्ही" आणि "आपण". "सर, आपण उद्या पिकनिकला जाणार आहोत" असे एक पोरगा म्हणाला, मी विचारले मला पण नेणार का, तर तो गोंधळला.

आता वयाचे. पहिलीपासून माझ्याकडे आलेली मुले चौथीपर्यंत बोलण्यात यातून बाहेर पडत. सातवी-आठवीत बाहेरून बदली होऊन आलेली मुले परीक्षेत त्यांच्यापेक्षा जास्त मार्क घेत. होय, जास्त! कारण त्यांना नियम सांगितला की तो समजे. पण तोंडी परीक्षेत, बोलण्याच्या भरात, "मीने" परत येई. हा फरक मी बत्तीस वर्षे पाहिला, त्याला शास्त्रात काय म्हणतात ते ताई सांगतील.

जाता जाता, वरच्या प्रतिसादांत "शिकून राहिली", "पडून राहिली" असे वारंवार दिसते. हे हिंदीच्या "रही है" चे मराठीतले पिल्लू आहे. प्रमाण मराठीत "शिकते आहे".

बुटीबोरी_फास्ट

सर पिल्लू आता आजोबा झालं. हे नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी-मराठी दोन्ही सरकारी भाषा. आम्ही काय करून राहिलो तं फक्त परंपरा चालवून राहिलो.

अर्धवट_पीएचडी

मास्तर, तुम्ही जे सांगितलं तेच बार्सिलोनात निघालं. कार्मेन मुन्योझ आणि त्यांच्या गटानं शाळेत इंग्रजी शिकणारी मुलं पाहिली, काही आठव्या वर्षी सुरू केलेली, काही अकराव्या. शिकवण्याचे तास सारखे ठेवून मोजलं तर उशिरा सुरू केलेली मुलं पुढं होती. कारण आठवड्याला दोन-चार तास एवढ्याशा भाषेत लहान वयाची जी ताकद आहे ती कामालाच येत नाही. लहान मूल नियम समजून शिकत नाही, हजारो वाक्यं ऐकून शिकतं, ती वाक्यंच कानावर पडली नाहीत तर वय लहान असून उपयोग काय.

सीताबर्डीचा_शेठ

मग हे पहिलीपासून तिसरी भाषा लादायचं जे गेल्या वर्षी चाललं होतं त्याबद्दल बोला की! सगळं मतांसाठी, आपल्याकडं जे सरकार

अ‍ॅडमिन

शेठ, तुमच्या प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. भाषा कोणत्या वयात शिकवावी यावर जरूर लिहा, पक्षांवर नको. त्यासाठी वेगळा विभाग आहे आणि तिथं तुम्ही रोज असताच.

मिहानवाली

राजकारण सोडून विचारते. महाराष्ट्रात मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या वेळी पाचवीपासून होतं. माझा चुलतभाऊ पहिलीपासूनवाला, मी पाचवीवाली, आणि खरं सांगते इंग्रजीत मी त्याच्यापेक्षा बरी आहे. दोघांच्याही वर्गात इंग्रजीचा तास मराठीत चालायचा, एवढं सांगितलं की पुरे.

चांद्याकडचा

मी थोडं वेगळं सांगतो. आमच्या घरी गोंडी. मी सहाव्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता, गुरुजींना गोंडी येत नव्हती. पहिलं वर्ष तर मी फक्त खिडकीबाहेर पाहिलं. गोंडीत एकवचनात पुरुष एकीकडं आणि बाई, झाड, दगड, बैल सारे दुसरीकडं, असे दोनच गट. मराठीत आलो तर खुर्ची बाई, टेबल ना बाई ना माणूस, पंखा माणूस. हे कोणी ठरवलं असं घरी विचारलं होतं.

आज माझं मराठी ऐकून कोणी ओळखत नाही. फोनवर तर बिलकुल नाही. माझी आई चाळिशीनंतर मराठी बोलायला लागली, बाजारात वनोपज विकायला जायची म्हणून. तीस वर्षं झाली. व्यापाऱ्याला फसवू देत नाही, हिशेबात, घासाघिशीत पक्की, पण "तो बाई आला" म्हणते. तिची गरज काही कमी नव्हती बुटीबोरी भाऊ. पोट होतं त्यावर.

बुटीबोरी_फास्ट

हाव. हे पटलं भाऊ. माझ्या कंपनीतले पोट्टे पण आठवून पाहिले, दहा-दहा वर्षं झालेले, त्यायले पण "माझा बायको" च येते.

अर्धवट_पीएचडी

चांद्याकडच्या दादांच्या आईंसारखंच न्यूपोर्टनं १९९० मध्ये दाखवलं, तेही बोललेल्या भाषेत नाही, अमेरिकेतल्या कर्णबधिर लोकांच्या हातांच्या भाषेत. सगळे तीस-तीस वर्षं तीच भाषा रोज वापरणारे, पण जन्मापासून शिकलेले, चार ते सहाव्या वर्षी शिकलेले आणि बाराव्या वर्षानंतर शिकलेले यांच्यात क्रियापदाची बारीक रूपं करण्यात फरक दिसतच होता. म्हणजे वापर, गरज, वर्षं सगळं असूनही काहीतरी उरतं.

का उरतं यावर तिची एक मजेशीर कल्पना आहे. ती म्हणते मुलांची स्मरणशक्ती तोकडी असते हाच त्यांचा फायदा. पोर अख्खं वाक्य धरूच शकत नाही, "पेन्सिलीला" एवढाच तुकडा हाती लागतो, मग तुकड्याचं "ला", मग त्याच्या आधी बदललेलं "ई". मोठा माणूस अख्खं वाक्य अर्थासकट गिळतो, अर्थ कळला की काम झालं, प्रत्ययाकडं कोण बघतो.

आणि नागपूरसाठी तर अजून एक अभ्यास फिट बसतो. हडसन काम आणि न्यूपोर्ट, २००५. एक खोटी भाषा बनवली, तिच्यात एक छोटा शब्द कधी लावायचा कधी नाही असं मुद्दाम बेशिस्त ठेवलं. मोठ्यांनी ती बेशिस्ती जशीच्या तशी उचलली, जेवढ्या वेळा ऐकली तेवढ्या प्रमाणात. पाच ते सातच्या मुलांनी मात्र स्वतःचा नियम करून टाकला, एकच एक, आणि तोच चालवला. आता आपल्या शहरात बघा, एकाच घरात चहा झाला, चाय झाली, माझा पेन, माझं पेन, मले, मला, सगळं चालतं. वहिनी ते सगळं प्रामाणिकपणे उचलतात. पोरगी कशाला उचलेल, ती सरळ एक ठरवून मोकळी होते.

फुटाळ्याकाठचा

हे वाचून मी उडालोच. आमच्या घरात आई "चहा झाला", बाबा "चाय झाली", मोलकरीण "चाय बन गई". आणि आम्ही बायकोला विचारतो तुझं नक्की का होत नाही. पोरीनं स्वतः नियम केलेला तर मी ऐकलाय, वर्षभर ती "अभ्यास करला" म्हणायची, कोणी सांगितलं नाही, आता आपोआप "केला" झालं.

अजून एक गंमत. मास्तरांनी आम्ही-आपणचं लिहिलंय ना, ते बायकोचं पहिल्या दिवसापासून बरोबर आहे! मल्याळममध्ये नम्मळ आणि ञङ्ङळ असे दोन वेगळे शब्द आहेतच. आणि ळ तर तिचा माझ्यापेक्षा खणखणीत. पण क्रियापद तिकडं लिंगानं बदलतच नाही, ञान पोयी, अवन पोयी, अवळ पोयी, मी गेलो-तो गेला-ती गेली सगळ्याला एकच पोयी. त्यामुळं तिला मुळात तिकडं कान लावायची सवयच नाही.

तर्री_जास्त

मग शेवटची गाडी किती वाजताची? म्हणजे कितव्या वर्षापर्यंत शिकलं तर चान्स आहे?

अर्धवट_पीएचडी

या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर २०१८ चं, हार्ट्सहॉर्न, टेनेनबाम आणि पिंकर. इंटरनेटवर इंग्रजी व्याकरणाची छोटी क्विझ टाकली, ती फेसबुकवर पसरली आणि जवळजवळ पावणेसात लाख लोकांनी दिली. त्यातून गणित करून त्यांनी काढलं की व्याकरण शिकण्याचा वेग साधारण १७.४ वर्षांपर्यंत टिकतो आणि मग घसरतो. म्हणजे लेनेबर्ग समजत होता त्यापेक्षा बराच उशिरा. पण पक्कं व्हायला वर्षं लागतात, म्हणून अगदी मातृभाषेसारखं यायचं तर दहा-बारापर्यंत सुरुवात झालेली बरी. आणि इंग्रजी मातृभाषा असलेले लोकसुद्धा तिशीपर्यंत थोडं थोडं सुधारतच होते.

पण ही एकाच भाषेची क्विझ आहे, आणि सतरा-अठराला नक्की काय होतं, मेंदू बदलतो का शाळा सुटते, नोकरी लागते, लग्न होतं, ते त्या आकड्यातून कळत नाही. इथं मी बुटीबोरी भाऊंच्या बाजूनं आहे. या विषयात लोक अजून भांडतात, मी पीएचडी सोडली तेव्हाही भांडत होते.

वहिनींसाठी जास्त कामाचा अभ्यास डीकायझरचा, २००० चा. अमेरिकेत स्थायिक झालेले ५७ हंगेरियन. मोठेपणी गेलेल्यांपैकी ज्यांचं व्याकरण खरंच चांगलं होतं ते बहुतेक सगळे भाषेची चिरफाड करण्यात हुशार निघाले. मोठ्या माणसाला तो एक दरवाजा उघडा असतो, नियम समजून घेणं. त्यामुळं नुसती मालिका बघून होणार नाही. पेपर वाचणाऱ्या बाईला कोरं व्याकरण द्या हातात, आवडेल तिला.

निवृत्त_मास्तर

माझी तयारी आहे. रविवारी सकाळी दहा ते अकरा, फुटाळ्यावर चालायला येतोच. फी नको, पोहे चालतील.

फुटाळ्याकाठचा

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, सॉरी.

बुटीबोरी भाऊंचं ऐकून मी आधी बाहेरचं वातावरण बदलायला गेलो. भाजीवाल्याला सांगितलं, हिच्याशी मराठीतच बोल. तो म्हणाला "भैया, भाभी को हिंदी आती है ना, फिर टेन्शन क्या है". शेजारच्या काकू दोन दिवस मराठीत बोलल्या, तिसऱ्या दिवशी परत "अरे सुनो ना". आईला सांगितलं की चुकली की लगेच सांगत जा, तर आईनं एका जेवणात अकरा वेळा टोकलं, बायकोनं ताट उचललं आणि आत जाऊन जेवली. ते बंद केलं. आता आई नुसतं बरोबर वाक्य परत म्हणते. ही म्हणते "चहा झाली", आई म्हणते "चहा झाला का, आण मग".

मास्तरांचे तीन रविवार झाले. सामान्यरूपाची वही अर्धी भरली, "मुलगाला" जवळपास गेलं, निदान हळू बोलताना तरी. रागावली की येतं परत. तिनं इथं आयडी काढलाय, आता ती स्वतःच लिहिणार आहे, मी बघणार पण नाही असं ठरलंय.

कोचीवाली

नमस्कार. मी ती बायको. सगळा धागा वाचला, दोन दिवस लागली. मास्तर सर, पोह्यांमध्ये खोबरं जास्त होतं ते आमच्या गावची सवय, माफ करा.

मला एक शंका आहे. सरांनी नियम शिकवला की काम झालं असेल तर क्रियापद वस्तूच्या मागे जातो. मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी चूक केली. हे मला समजलं आणि फार आवडलं, मल्याळममध्ये असं काहीच नाही. मग "मी मराठी शिकली" बरोबर पाहिजे, मराठी स्त्रीलिंगी आहे. पण आई म्हणतात "शिकले". "मी छत्री विसरले" म्हणतात, विसरली नाही. का?

आईंना विचारलं, त्या म्हणाल्या तसंच असतं. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला विचार करून सांगतो आणि झोपला. मुलीला विचारलं. ती म्हणाली, अम्मा, मी शिकले, कारण मी मुलगी आहे.

मिहानवाली

थांबा, मी पण आत्ता मोठ्यानं बोलून बघितलं. मी छत्री विसरले, मी छत्री आणली. आयुष्यभर बोलतेय, कधी लक्षातच आलं नाही!

निवृत्त_मास्तर

कोचीवाली ताई, प्रश्न उत्तम. मुलीचे उत्तर बरोबर आहे, फक्त अपुरे. काही मोजकी सकर्मक क्रियापदे भूतकाळातही कर्त्याच्याच मागे जातात, तिथे कर्तरी प्रयोगच राहतो. शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे अशी. म्हणून ती कविता शिकली, तो कविता शिकला. कविता तीच, क्रियापद माणसाप्रमाणे. पिणे या धातूचेही तसेच, मी चहा प्यालो किंवा प्यायलो. यादी करून रविवारी आणतो, ती पाठच करावी लागेल, तिथे युक्ती नाही.

बुटीबोरी_फास्ट

सर प्यायलो कोण म्हणते? आम्ही तं पिलो म्हणतो.

निवृत्त_मास्तर

पिलो अशुद्ध आहे.

तर्री_जास्त

मास्तर, चाळीस वर्षं झाली टपरीवर "चहा पिलो" म्हणतो, आजपर्यंत चहावाल्यानं पैसे परत नाही केले.

चांद्याकडचा

आमच्याकडं पेलो.

मिहानवाली

मी प्यायले. पण माझा नवरा पुण्याचा आहे, तो "चहा घेतला" म्हणतो, म्हणजे चहामागं गेला. प्रश्नच मिटवला त्यानं.

कोचीवाली

वहीत पाच रकाने केले. आमच्या घरी पण विचारलं. सासरे पिलो, आई प्यायले, मुलगा पिलो, मुलगी म्हणाली मला चहा देतच नाही कोणी. सर, "चूक केली" आणि "मी चुकले" यात दोन्हीकडे मीच चूक केली आहे, तरी एकदा ली आणि एकदा ले. हे पण रविवारी सांगाल का?

निवृत्त_मास्तर

सांगतो. चुकले मध्ये कर्मच नाही, तिथून सुरुवात करू. आत्ता सविस्तर लिहिले असते पण संध्याकाळपासून लाईट जाऊन येऊन राहिली आहे.